गुंडाळलेल्या जेनोआला उन्हापासून वाचवायचे तर कापड कोणते निवडावे?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली ३४ फुटी यॉट ऑक्टोबर ते मे मांडवी नदीत नांगरलेली असते, पुढचे शीड म्हणजे जेनोआ फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या फिरत्या यंत्रणेवर) गुंडाळलेलेच राहते, आणि त्याच्या कडेची मूळ यूव्ही पट्टी, म्हणजे अतिनील किरण अडवणारी कापडी पट्टी, चौथ्या हंगामातच लोंबू लागली आहे. शीड शिवणाऱ्याने जाड ॲक्रिलिक आणि हलके यूव्ही पॉलिएस्टर असे दोन पर्याय दिले आहेत, तर एका स्नेह्यांनी ताडपत्रीच्या दुकानातले कोटिंग केलेले कापड सुचवले आहे. यांतले कोणते घ्यावे, असे आपण विचारता.

आपले शीड साध्या विणलेल्या डेक्रॉनचे, म्हणजे पॉलिएस्टरचे आहे आणि आपण शर्यतीत उतरत नाही. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की आपण सोल्यूशन-डाइड, म्हणजे मुळातच रंगीत तंतूचे ॲक्रिलिक घ्यावे, आणि ते पीटीएफई (टेफ्लॉनच्या) दोऱ्यानेच शिवून घ्यावे. या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. आपली जुनी पट्टी लोंबू लागली असे आपण लिहिले आहे. फाटली असे लिहिलेले नाही. बहुतेक वेळा कापड शाबूत असते आणि शिवण गेलेली असते.

प्रथम आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब मांडू. पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंतचे आठ महिने कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आकाश बहुतांशी स्वच्छ असते. रोज आठ-साडेआठ तास ऊन धरले, तरी एका हंगामात शिडावर दोन हजारांच्या आसपास तास ऊन पडते. शनिवार-रविवारी फेरी मारणारा माणूस याच काळात शीड प्रत्यक्ष उघडतो ते फार तर दीड-दोनशे तास. म्हणजे शिडाचे आयुष्य वाऱ्यात खर्च होत नाही, ते गुंडाळलेल्या अवस्थेत उन्हात खर्च होते. त्यातच मार्च ते मे या महिन्यांत दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीत जातो. पणजीला मेच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईला मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर असतो. फोरस्टे, म्हणजे डोलकाठीपासून बोटीच्या नाळेपर्यंतची जी तार शिडाची गुंडाळी धरते ती, तिरका असल्यामुळे गुंडाळीच्या वरच्या अंगाला हे माथ्यावरचे ऊन लागते, आणि सकाळ-संध्याकाळचे आडवे ऊन बाजूंना लागते. शिवाय भरती-ओहोटीबरोबर नांगरलेली बोट तोंड फिरवत राहते, त्यामुळे एखादी बाजू सावलीत राहील अशी आशा नदीत धरता येत नाही. युरोपातल्या विक्रेत्यांच्या पत्रकांत पट्टीच्या आयुष्याची जी वर्षे दिलेली असतात, ती आपल्या किनाऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, त्याचे कारण हेच आहे.

आता कापडाकडे वळू. पॉलिएस्टरच्या रेणूची घडण अशी असते की सूर्यप्रकाशातील सुमारे ३२० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी तो शोषून घेतो आणि त्या ऊर्जेने रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. घरातले पॉलिएस्टरचे पडदे खिडकीच्या काचेआड वर्षानुवर्षे टिकतात, कारण नेमक्या याच आखूड लहरी काच बऱ्याच अंशी अडवते. उघड्या नदीवर काच नसते. नायलॉनची स्थिती पॉलिएस्टरहूनही वाईट असते. केव्हलारसारखे ॲरामिड तंतू असलेली लॅमिनेट (थर चिकटवून बनवलेली) शिडे तर उन्हाला सर्वांत हळवी असतात. ॲक्रिलिकचा तंतू मात्र या लहरी फारशा शोषत नाही, म्हणून कोणताही लेप न देता तो मुळातच उन्हाला टिकाऊ असतो. सोल्यूशन-डाइड प्रकारात रंगद्रव्य तंतू ओढण्याआधीच द्रावणात मिसळलेले असते, त्यामुळे रंग तंतूच्या गाभ्यापर्यंत पोचतो आणि विटत नाही. हेच रंगद्रव्य किरणांनाही अडवते, म्हणूनच गडद छटेचे कापड पांढऱ्या किंवा फिक्या कापडापेक्षा खालच्या शिडाला अधिक सावली देते. सनब्रेला या नावाने आपण जे कापड ऐकले असेल ते याच जातीचे आहे. इतर कंपन्यांचेही याच प्रकारचे कापड मिळते आणि चांगल्या दर्जाचे असेल तर तेही चालते.

बाजारात छत्र्या आणि मांडवांसाठी विकले जाणारे पुष्कळसे कापड दिसायला अगदी असेच असते, पण ते पॉलिएस्टरवर वरून रंग चढवलेले असते. ओळखण्याचा सोपा उपाय असा की दोन इंचांचा तुकडा कापून घ्यावा आणि धुण्याच्या ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी धुऊन मूळ कापडाशेजारी ठेवला असता सोल्यूशन-डाइड ॲक्रिलिकच्या रंगात फरक दिसत नाही, वरून रंगवलेले कापड मात्र बहुधा फिके पडलेले असते. दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ही एका रात्रीची चाचणी मला नेहमीच अधिक भरवशाची वाटते.

ॲक्रिलिकचा खरा दोष त्याचे वजन हा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. येथे एका गफलतीविषयी सावध करतो. शिडाच्या कापडाचे वजन ज्या औंसांत सांगतात, ते ३६ इंच लांब आणि २८.५ इंच रुंद तुकड्याचे असते. छत-कव्हरच्या कापडाचे औंस मात्र पूर्ण चौरस यार्डाचे असतात. त्यामुळे शिडाच्या कापडाचा एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४३ ग्रॅम होतात, तर ॲक्रिलिकचा एक औंस म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. ४ औंसांचे यूव्ही पॉलिएस्टर आणि सव्वानऊ औंसांचे ॲक्रिलिक यांची थेट तुलना केल्यास चित्र चुकते, म्हणून दोन्ही वजने ग्रॅममध्येच मागावीत. पहिले सुमारे १७० ग्रॅम आणि दुसरे सुमारे ३१५ ग्रॅम भरते. आपल्या जेनोआची लीच, म्हणजे मागची मोकळी कड, सुमारे १२ मीटर आणि खालची कड साडेपाच मीटर धरली, तर ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला सुमारे १० चौरस मीटर कापड लागते. त्याचे वजन ॲक्रिलिकमध्ये तीन किलोंहून थोडे अधिक, तर यूव्ही पॉलिएस्टरमध्ये पावणेदोन किलोंच्या आसपास होते. मूळ शीडच अकरा-बारा किलोंचे असताना मागच्या मोकळ्या कडेवर तीन किलोंची भर पडली, की मंद वाऱ्यात ती कड खाली ओघळते आणि शिडाला पोट धरता येत नाही. त्यातून ॲक्रिलिक ओले झाले की आणखी जड होते.

म्हणून यूव्ही पॉलिएस्टर हे वाईट कापड आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांची बोट हलकी आहे, जे मुंबई बंदरात हिवाळ्यातल्या शर्यतींत नियमित उतरतात, ज्यांचे शीड आठवड्यातले मोजकेच दिवस फोरस्टेवर राहते, त्यांच्यासाठी तेच योग्य ठरते. पण त्याचा बचाव तंतूत नसून त्यावर दिलेल्या अतिनीलरोधक प्रक्रियेत असतो. ती प्रक्रिया झिजली की खाली उरते ते साधे पॉलिएस्टर, म्हणजे ज्या पदार्थाला वाचवायचे त्याच पदार्थाचे पांघरूण. आठ महिने अखंड उन्हात राहणाऱ्या बोटीवर ते तीन हंगामांपलीकडे भरवशाचे राहील असे मी कोणाला सांगत नाही. त्याची स्वतःचा गोंद असलेली, नुसती चिकटवण्याची जातही मिळते. तिच्यापासून आपल्या हवामानात दूर राहावे, कारण एप्रिल-मेच्या उष्णतेत गोंद कडेने पाझरतो, त्यावर धूळ बसते, आणि पट्टी बदलण्याची वेळ आली की खालच्या शिडावरून तो खरवडून काढणे हे नव्या पट्टीपेक्षा मोठे काम होऊन बसते.

ताडपत्रीच्या दुकानातल्या कापडाचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. विणलेल्या प्लॅस्टिकची ताडपत्री एका हंगामात तडकते आणि तिचे तुकडे शिडाच्या शिवणींत अडकून बसतात. पीव्हीसी कोटिंगचे कापड उन्हाला त्याहून बरे टिकते, पण ते श्वास घेत नाही. समुद्रावरून ओलसर गुंडाळलेले शीड त्याखाली वाळत नाही, आणि आपल्या दमट हवेत आठवडाभरात बुरशीचे काळे ठिपके उमटतात. डेक्रॉनवरची बुरशी तंतू खात नाही, ती मळावर वाढते. तरीही तिचे डाग पूर्णपणे जात नाहीत, आणि लॅमिनेट शिडात ती थरांच्या मध्ये शिरली तर काढायचा काही मार्गच उरत नाही.

आता दोऱ्याविषयी. शीड शिवणारे सर्रास वापरतात तो बाँडेड पॉलिएस्टरचा दोरा ताणाला उत्तम असतो, आणि शिडाच्या आतल्या शिवणींना, ज्या गुंडाळीत झाकल्या जातात, त्यांना तो योग्यच आहे. यूव्ही पट्टीची शिवण मात्र पट्टीच्या बाहेरच्या अंगावर असते. कापड स्वतः सावली देते, पण कापडावर उठून बसलेल्या टाक्याला सावली देणारे कोणी नसते. आपल्या जुन्या पट्टीच्या टाक्यांवरून अंगठ्याचे नख दाबून फिरवून पाहा. चांगला दोरा नखाखाली नुसता दबतो. गेलेला दोरा मिठाच्या कण्यासारखा बारीक कुरकुरत तुटतो आणि नखावर पांढुरकी भुकटी राहते. त्याच जागी शीड उलटून आतल्या बाजूचा टाका पाहिला, तर तो बहुधा जसाच्या तसा चमकत असतो. उन्हाने नेमके काय नेले ते या एका पाहणीत कळते. आपल्या किनाऱ्यावर पॉलिएस्टर दोऱ्याची उघडी शिवण दोन ते तीन हंगामांत या अवस्थेला पोचते, आणि मग सात-आठ वर्षे टिकू शकणारे कापड केवळ दोरा गेला म्हणून वाऱ्यावर फडफडत स्वतःला फाडून घेते.

पीटीएफई, म्हणजे टेनारासारख्या नावांनी मिळणारा दोरा, उन्हाने किंवा खाऱ्या पाण्याने झिजत नाही, ब्लीचनेही त्याला काही होत नाही. तो पॉलिएस्टर दोऱ्याच्या कित्येक पट महाग आहे, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी न विचारता साधा दोरा वापरला जातो. पण प्रत्यक्ष किती लागतो तेही पाहावे. साडेसतरा मीटरच्या पट्टीच्या दोन्ही कडा मिळून ३५ मीटर शिवण होते, झिगझॅग टाक्याला वरचा आणि बॉबिनचा मिळून तिप्पट-चौपट दोरा जातो, आणि सांध्यांचा धरून एकूण दोनशे मीटरच्या आत काम भागते. दोन वर्षांनी पुन्हा शिवून घेण्याची मजुरी आणि शीड उतरवण्या-चढवण्याचे श्रम यांच्यापुढे ही वाढीव किंमत काहीच नाही. या दोऱ्याची शिवण्याची रीत मात्र वेगळी आहे. तो निसरडा असतो, म्हणून मशीनचा ताण सैल ठेवावा लागतो आणि शिवणीच्या सुरुवातीला व शेवटी उलट टाके घालून तो पक्का करावा लागतो, कारण नुसती गाठ सुटून येते. त्याचे टोक लायटरने जाळून बंद करण्याचा प्रयत्न कोणी करू नये; तो पॉलिएस्टरसारखा वितळून बसत नाही, आणि फार तापवल्यास त्यातून घातक वाफा निघतात. आपला शीड शिवणारा हे काम पहिल्यांदाच करत असेल, तर त्याला आधी फालतू तुकड्यावर हात बसवायला सांगावे.

पट्टीची रुंदी हा असा मुद्दा आहे की तो कापड निवडण्याआधीच ठरवला पाहिजे, आणि तो आकडा कोणत्याही पुस्तकातून घेऊ नये. गुंडाळताना लीच फोरस्टेभोवती मळसूत्रासारखी खाली-खाली येत जाते आणि प्रत्येक वेढ्यात तिचा एक पट्टा बाहेर उघडा राहतो. तो किती रुंद, हे गुंडाळीच्या जाडीवर आणि शिडाच्या मापावर अवलंबून असते. जोराच्या वाऱ्यात घट्ट गुंडाळले तर गुंडाळी बारीक होते, मंद वाऱ्यात सैल गुंडाळले तर फुगते आणि उघडा भाग वाढतो. म्हणून जुनी पट्टी उसवण्याआधी शीड मुद्दाम सैल हाताने गुंडाळावे, आणि बाहेर दिसणाऱ्या भागाची आतली सीमा, हात पोचेल तिथे आणि डोलकाठीवर चढून वरच्या टोकाशीही, मऊ पेन्सिलीने शिडावर आखून घ्यावी. शीड उघडले की या खुणांवरून खरी रुंदी मिळते, आणि तीत सात-आठ सेंटिमीटर वाढ धरावी. शीड जुने होते तसे ताणते, ही वाढ तेव्हा उपयोगी पडते. ॲक्रिलिक बहुधा ११७ आणि १५२ सेंटिमीटर अशा दोन पन्ह्यांत मिळते. आपली पट्टी ५५ सेंटिमीटरची ठरली, तर ११७ च्या पन्ह्यातून दुमडीसह बरोबर दोन पट्ट्या निघतात आणि कापड वाया जात नाही. १५२ च्या पन्ह्यातून मात्र दोनच निघून उरलेला तुकडा पडून राहतो. तीन काढण्याच्या मोहाने पट्टी ४७ सेंटिमीटरवर आणणे हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा शिडावर पट्टीच्या आतल्या कडेला लागून बोटभर रुंदीचा पिवळसर पट्टा जळलेला दिसतो, आणि शीड पुढे तिथूनच फाटते.

पट्टी शिडाच्या कोणत्या बाजूला लागते तेही तपासावे. फर्लरच्या ड्रमवर दोर ज्या दिशेने भरलेला असेल, त्याच्या उलट दिशेने शीड गुंडाळले जाते. मध्यंतरी कोणी तो दोर काढून उलटा भरला असेल, तर पट्टी आत जाते आणि उघडे डेक्रॉन बाहेर येते. हंगामाच्या सुरुवातीला घाईत बोट उभी करताना ही चूक सहज होते आणि दुरून ती लक्षात येत नाही.

शिवताना पट्टी एकसंध लांब न ठेवता दीड-दोन मीटरच्या तुकड्यांत जोडत न्यावी, म्हणजे लीचचा आतला बाक आणि खालच्या कडेचा गोलावा तिला घेता येतो. ॲक्रिलिक विणीत थोडे सैल असते आणि काही हंगामांत किंचित आक्रसते. ते ताणून शिवल्यास लीचला चुण्या पडतात आणि ती आत वळते, म्हणून ते शिडावर नुसते अंथरावे, दुहेरी चिकटपट्टीने धरावे आणि झिगझॅग टाक्याने शिवावे. ताण शिडाच्या डेक्रॉननेच घ्यायचा असतो, पट्टीने नाही. लीचचा दोर बांधण्याच्या क्लीटपाशी छोटी झडप ठेवायला सांगावे, नाहीतर तो दोर पुन्हा कधी हाती लागणार नाही. ॲक्रिलिकची दुसरी उणीव म्हणजे ते घासण्याला कच्चे असते. जिथे ते स्प्रेडरच्या, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या दांड्याच्या, टोकाला किंवा पुढच्या कठड्याला घासते, तिथे पॉलिएस्टरचे जादा ठिगळ आधीच लावून घ्यावे. गुंडाळून झाल्यावर शिडाच्या दोरांचे दोन-तीन वेढे गुंडाळीवर घालायची सवय ठेवावी; मे महिन्यातल्या वळवाच्या सोसाट्यात सुटलेले शीड कोणत्याही कापडाने वाचत नाही.

रंगाबाबत, डेक्रॉनच्या शिडाला गडद निळा किंवा हिरवा घ्यावा. गडद रंग तापतो हे खरे आहे, पण विणलेल्या डेक्रॉनला त्या उष्णतेने अपाय होत नाही. लॅमिनेट शीड असते तर थरांमधल्या गोंदाचा विचार करून मी फिका रंग सुचवला असता. खरे तर अशा शिडाला पट्टीऐवजी वर चढवायची चेनवाली पिशवीच बरी. ती गुंडाळलेल्या शिडावर हॅलियर्डने (शीड वर चढवण्याच्या दोराने) खेचून बसवतात, तिच्या वजनाचा शिडाला उपद्रव होत नाही आणि ती फाटली तरी शीड सुरक्षित राहते. पण प्रत्येक फेरीआधी ती उतरवावी लागते आणि नंतर पुन्हा चढवावी लागते. माणसे थकून परत येतात, ऊन कललेले असते, आणि पिशवी उद्यावर ढकलली जाते. तीही फडफडू नये म्हणून घट्ट बसणारी शिवावी लागते. आपण एकट्याने बोट चालवता असे लिहिले आहे, म्हणून मी तो पर्याय पुढे केला नाही. बूमवरच्या (डोलकाठीच्या आडव्या दांडीवरच्या) मेनसेलच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, कव्हरला हेच ॲक्रिलिक आणि हाच दोरा घ्यावा. तिथे वजनाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे फार विचार करण्याचे कारण नाही.

पट्टी लागल्यानंतर महिन्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने शीड धुवावे आणि मंद वाऱ्यात उघडे ठेवून वाळवावे, कारण मिठाचे कण विणीत राहिले की प्रत्येक गुंडाळीबरोबर तंतू घासत राहतात. पक्ष्यांची विष्ठा वाळण्याआधी पुसून घ्यावी. ॲक्रिलिकवरची बुरशी पातळ ब्लीच आणि सौम्य साबणाने जाते, मात्र तेच ब्लीच नायलॉनच्या स्पिनेकरला (मागून येणाऱ्या वाऱ्यात लावायच्या फुगीर शिडाला) किंवा ॲरामिड असलेल्या शिडाला कधीही लागू देऊ नये.

मे संपताना बोट पाण्याबाहेर काढली नाही, तरी शीड उतरवाच. धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी घालून कोरड्या जागी ठेवावे, आणि ठेवण्याआधी पट्टीच्या सर्व शिवणींवरून वर सांगितल्याप्रमाणे नख फिरवून पाहावे. एखादी जागा कुरकुरली, तर शीड जूनमध्येच शिवणाऱ्याकडे पाठवावे. सप्टेंबरच्या अखेरीस त्याच्याकडे साऱ्या किनाऱ्याची शिडे एकदम येतात, आणि तेव्हा हाताशी असेल तो दोरा वापरला जातो.